तत्तापानीला नेणाऱ्या प्रमिलाकाकू

प्रमिलाकाकूंच्या समीरचा फोन आला तेव्हा मी मोहालीत, सेक्टर सदुसष्टच्या चौकात लाल दिव्यापाशी स्कूटरवर थांबले होते. "दीदी, मम्मी नहीं रहीं," एवढंच तो म्हणाला. दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला, त्याच्या मागच्यानंही दिला, आणि मी वळून त्या दोघांकडे असं काही पाहिलं की ते बिचारे मुकाट्यानं बाजूनं निघून गेले. सकाळीच ऑफिसला निघताना मी खालच्या मजल्यावर डोकावले होते. प्रमिलाकाकू झोपल्या होत्या आणि उशाशी माझे बाबा बसले होते. महिनाभरापासून त्यांची ती जागा ठरलेली होती. मी स्कूटर परत फिरवली, आणि खरं सांगायचं तर चव्वेचाळीस सेक्टरला घरी पोचेपर्यंत माझ्या मनात काकू नव्हत्या, बाबा होते. आता बाबांचं काय होणार... ही एकच धास्ती. असं का, ते कळायला काकूंनी माझ्या वडिलांसाठी काय केलं ते सांगायला हवं. त्यांना जाऊन आता दीडेक महिना झाला. रडून झालंय. ऋण मात्र तसंच आहे, आणि ते चारचौघांत सांगावं असं फार वाटतंय.

प्रमिलाकाकू मूळच्या कोल्हापूरच्या. काका हवाई दलात अधिकारी. बदल्या होत होत शेवटची नेमणूक चंदीगडची मिळाली आणि निवृत्तीनंतर दोघं इथंच राहिले. "कोल्हापुरात आता कोण ओळखतंय मला? इथं निदान भाजीवाला तरी ओळखतो," असं त्या म्हणत. काका गेले, मुलगा समीर नोकरीसाठी गुरुग्रामला गेला, तरी काकूंनी तळमजल्याचं घर सोडलं नाही. वरचा मजला भाड्यानं द्यायचा तो मराठी माणसालाच, हा त्यांचा नियम. मी यवतमाळची, मोहालीत आयटीत नोकरीला लागलेली. घर बघायला गेले तर काकूंनी माझं कार्ड, पगार, काही विचारलं नाही. "भाकरी येते का थापायला?" विचारलं. मी नाही म्हणाले. "मग ये राहायला, शिकवते," म्हणाल्या. आवाज असा की वरच्या मजल्यावर फोन करायची कधी गरज पडली नाही. बोलणं कोल्हापुरी, पण अधूनमधून पंजाबी अशी सहज मिसळायची की मंडईत त्यांना लोक लुधियानाच्याच समजत. त्या सुगरण होत्या असं मात्र मी म्हणणार नाही. भाजीत तिखट एवढं घालत की पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्या ते कौतुकाचं पाणी समजायच्या.

माझी आई गेली ती पावसाळा संपता संपता, तापाचं निमित्त होऊन, चारपाच दिवसांत. मी एकुलती एक. बाबा वनखात्यातून निवृत्त झालेले, उभा जन्म यवतमाळ-पांढरकवड्याच्या सागवानी जंगलात पायी फिरलेला माणूस. त्यांना तिथं एकटं ठेवायचं मनात येईना म्हणून मी त्यांना चंदीगडला घेऊन आले. आले तेही मुकाट्यानंच. विमानात खिडकीपाशी बसवलं तर खिडकीबाहेर पाहिलंसुद्धा नाही. आणि मग हळूहळू त्यांचं जेवण सुटलं. एकदम नाही. आधी पोळी सुटली, मग भाजी. मग वरणभाताचे चार घास, मग नुसतं ताक. "मले नाही लागत भूक, तू जेवून घे," म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. सगळे कागद हातात घेऊन डॉक्टर म्हणाले, सब नॉर्मल है जी, बुज़ुर्ग हैं, मन लगाइए इनका. मन लावा म्हणे! मन काय दुकानात मिळतं? रोज ऑफिसातून येताना जिना चढले की दार उघडायच्या आधी मी कान लावून आतली चाहूल घ्यायचे. त्यांचे सदरे त्यांच्या अंगावर दुसऱ्या कुणाचे घातल्यासारखे दिसायला लागले होते. वडील माझ्या डोळ्यांदेखत संपत चालले होते आणि मला काही म्हणता काही करता येत नव्हतं.

काकू रोज काहीतरी वर पाठवायच्या, आणि ते तसंच खाली जायचं. त्या एकदाही रागावल्या नाहीत, याचंच मला नवल वाटायचं. मग एके दिवशी, जानेवारी लागल्यावर, त्या स्वतः जिना चढून आल्या. गुडघ्यांमुळे त्या सहसा वर येत नसत. धापा टाकत खुर्चीत बसल्या आणि जाहीर केलं, "फॉरेस्टसाहेब, संक्रांतीला तत्तापानीला जायचंय. गरम पाण्याचे झरे आहेत, शिमल्याच्या पलीकडं. मी दरवर्षी जाते. यंदा तुम्ही दोघं चला."

मी चाचरत म्हटलं, "काकू, आईला वर्ष झालं नाही अजून. आमच्याकडे यंदा सण नाही."

"मी कुठं सणाला नेतेय? अंघोळीला नेतेय. वर्षभर अंघोळ करत नाहीत का तुमच्यात?"

बाबांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं असं मला वाटलं. कदाचित मला तसं वाटायला हवं होतं म्हणूनही असेल.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, लोहडीला, सकाळी आम्ही त्रेचाळीस सेक्टरच्या बस अड्ड्यावरून निघालो. मी गाडी करू म्हणत होते, पण काकूंना हिमाचलची सरकारी बसच हवी. "गाडीत माणसं झोपतात. बसमध्ये जागी राहतात," असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते कुणासाठी होतं ते मला कळलं. काकू काळी इरकल नेसल्या होत्या, वर काळी शाल. मलाही काळा स्वेटर घालायला लावला होता. बाबांना काकांचं जुनं काळं जाकीट बळेबळे चढवलं होतं, ते त्यांच्या अंगात नुसतं लोंबत होतं. आपल्याकडे संक्रांतीला काळं घालतात ते थंडीत ऊब राहावी म्हणून. नवरा गेलेल्या बाईनं असलं हौसेनं नेसावं का, असं काकूंना मागं कुणा नातेवाइकानं विचारलं होतं. "नवरा गेला म्हणून थंडी वाजायची थांबते होय?" असं त्यांनी त्यांना ऐकवलं होतं. पण उत्तरेत काळं म्हणजे अशुभ. परवाणूच्या पुढं बस चहाला थांबली तेव्हा शेजारच्या सीटवरच्या एका पहाडी बाईनं आमच्याकडे बघून हळूच विचारलं, "कौन गुज़र गया, बहनजी?" काकूंनी तिच्या हातावर रेवड्या ठेवल्या. "कोई नहीं जी, त्योहार है हमारा." ती बाई बुचकळ्यात पडून बाबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिचा तरी काय दोष? आमच्यातल्या एकाचा चेहरा सणाचा नव्हताच.

चंदीगड दोन दोन राज्यांची राजधानी, पण राजधानी बघायची तर शिमल्याला जावं, असं काकूंचं मत होतं. "इथं काय, सगळे चौक सारखे. हरवायलासुद्धा मजा नाही." शिमल्यात त्या पक्क्या हरवायच्या आणि आनंदानं हरवायच्या. माल रोडवरून खाली बाजारात उतरणाऱ्या पायऱ्या त्यांना पाठ होत्या म्हणे, पण आम्हाला त्या एकाच लाकडी पाटीच्या दुकानासमोरून दोनदा घेऊन गेल्या. वरच्या मोकळ्या मैदानावर, रिजवर, पोचलो तेव्हा स्वच्छ ऊन पडलं होतं, कडेला आदल्या आठवड्यातलं मळकं बर्फ साचलं होतं. बाबांना एका बाकावर बसवलं. समोर दरीत देवदार उभे. काकूंनी पिशवीतून तिळगुळाचा डबा काढला आणि कुठूनसं एक भलंमोठं माकड येऊन बाकाच्या पाठीवर बसलं. काकू ओरडायच्या बेतात होत्या.

"त्याच्या डोळ्यांत पाहू नका," बाबा म्हणाले. "डबा खाली ठेवा आन् गुमान उभ्या राहा. जाते ते."

माकड डबा घेऊनच गेलं, तो भाग वेगळा. सगळे लाडू त्यानं छपरावर बसून आमच्या समोर खाल्ले. पण किती दिवसांनी बाबांनी आपणहून एक अख्खं वाक्य उच्चारलं होतं! काकू जणू काही झालंच नाही अशा बसून राहिल्या. "फॉरेस्टसाहेब, हे देवदार आणि तुमचा साग, जास्त टिकाऊ कोण हो?" त्यांनी विचारलं. बाबा बराच वेळ झाडांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाण्यात देवदार चांगला." रात्री हॉटेलात मात्र त्यांनी सूपचे दोन घोट घेऊन वाटी बाजूला सारली. मी काकूंकडे पाहिलं. "असू दे की. उद्याचा दिवस आहे अजून," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी करसोगच्या बसनं निघालो. मशोबरा, नालदेहरा अशी थंडीनं गारठलेली गावं मागं टाकत रस्ता खाली खाली उतरत गेला आणि सतलजच्या काठी पोचेपर्यंत अंगावरची शाल काढावीशी वाटू लागली. पूल ओलांडला की तत्तापानी. तत्ता म्हणजे गरम, नावातच सगळं आलं. जुन्या काळापासून पहाडातले राजे आणि गुराखी एकाच पाण्यात हातपाय शेकायला इथं येत आले. काकू काकांबरोबर पहिल्यांदा आल्या तेव्हा झरे नदीच्या वाळूतच होते. हातानं वाळू उकरायची, खड्ड्यात गरम पाणी झिरपून यायचं, आणि आपण त्यात पाय सोडून बसायचं. पुढे खाली धरण झालं, नदी फुगून तिचं तळं झालं आणि ती सगळी वाळू, ते झरे पाण्याखाली गेले. आता काठावर कुंडं बांधली आहेत, खोल बोअर मारून तेच पाणी वर आणलंय. काकूंनी काठावर उभं राहून हिरव्या संथ पाण्याकडे बोट केलं. "तिकडं, त्या मधल्या भागात आम्ही बसायचो. ह्यांचे पाय भाजले होते एकदा." सांगताना आवाज जरा ओला झाला. मग एकदम म्हणाल्या, "पण पाणी गरमच आहे अजून. ते काय बुडालं नाही."

संक्रांतीची गर्दी होती. बाबा कुंडात उतरले नाहीत, काठावर बसून पाय तेवढे सोडले. आम्ही दोघी बायकांच्या कुंडात गेलो. गंधकाचा वास, वाफ, आणि गळ्यापर्यंत ते कढत पाणी. काकूंनी डोळे मिटले आणि वाफेतूनच बोलायला लागल्या. काका गेल्यावर त्यांनी स्वतःही असंच जेवण टाकलं होतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. "तुला वाटतं त्यांना मरायचंय. तसं काही नाही गं खुळे. त्यांना लाज वाटतेय. ती गेली आणि मी मेला चवीनं खातोय, याची लाज. मला वाटायची. आमटीला चव लागली की रडू यायचं." मी विचारलं, मग तुम्ही पुन्हा जेवायला कशा लागलात? "समीरची दहावी होती. मी जेवले नाही की तो जेवायचा नाही. लेकरू उपाशी परीक्षेला जाईल म्हणून खाल्लं. स्वतःसाठी नसतं खाल्लं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुझे बाबा तुझ्यासाठी खाणार नाहीत. तू कमावती, धडधाकट. त्यांना दुसरं कुणीतरी उपाशी दिसलं पाहिजे."

या बोलण्याचा अर्थ तेव्हा मला नीट कळला नव्हता, आणि पुढं जे घडलं ते काकूंनी ठरवून केलं की आयत्या वेळी सुचलं, हेही मला आजपर्यंत सांगता येणार नाही. कुंडावरून वर आलो तर काठाच्या मोकळ्या जागेत तुलादान चाललं होतं. संक्रांतीला तिथं ही रीत आहे. लाकडाच्या तिकाटण्याला मोठा तराजू टांगलेला असतो. एका पारड्यात माणूस बसतो, दुसऱ्यात त्याच्या वजनाइतकं धान्य घालतात, आणि ते धान्य दान करून ग्रहपीडा उतरवतात. शनीसाठी करायचं तर काळे उडीद, काळं वस्त्र असला थाट. आता तिथं आम्ही तिघं नखशिखांत काळ्या कपड्यांत उभे! तिथल्या पंडितजींना आणखी काय सांगायला हवं? त्यांनी लांबूनच हाक दिली, "आइए बाबूजी, शनि का दान है ना? आइए, आपका ही नंबर है." मी नाही नाही म्हणत पुढं झाले, तर काकूंनी माझा दंड धरला. "हां जी पंडितजी, इन्हीं का है," म्हणाल्या.

बाबा आयुष्यभर असल्या गोष्टींना हसत आले. पण तेव्हा ते कशालाच नाही म्हणत नव्हते, तेच तर दुखणं होतं. कुणीतरी हात दिला, ते पारड्यात मांडी घालून बसले. दुसऱ्या पारड्यात एक माणूस पोत्यातून धान्य ओतायला लागला. तांदूळ आणि उडीद. थोडं ओतलं, आणखी थोडं ओतलं, आणि पोतं अजून चांगलं भरलेलं असतानाच बाबा जमिनीवरून अलगद वर उचलले गेले. तो माणूस थबकला. त्यानं दांडी हलवून बघितली, दोर कुठं अडकला का पाहिलं. "बाबूजी, ऐसे ही बैठे हो ना?" पंडितजींनी विचारलं. बघ्यांत कुणीतरी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा उंच माणूस, एवढ्याशा धान्यानं उचलला गेला होता. बाबा पारड्यात तसेच लोंबकळत समोरच्या त्या ढिगाकडे बघत होते.

काकू पुढं झाल्या. "हे कुठं जातं हो धान्य, पंडितजी?" त्यांनी हिंदीत विचारलं. ते म्हणाले, गरिबांच्या घरी, माताजी. काकू बाबांकडे वळल्या आणि त्या सगळ्या गर्दीत, त्यांच्या त्या आवाजात, मराठीत कडाडल्या.

"बघितलं का? गरिबाच्या घरी एवढंच जाणार. तुम्ही चार महिने जेवला नाहीत, तुमचा तोटा काय झाला? ज्याच्या घरी हे जाणार, त्याच्या ताटातलं कमी झालं. लाज वाटायची तर याची वाटू द्या की!"

मला त्यांचा भयंकर राग आला. आजारी माणसाशी असं बोलतात का कुणी? पण बाबा रागावले नाहीत. ते त्या ढिगाकडे बघतच होते. मग हळूच म्हणाले, "मग वरून टाका ना दोन पायल्या."

"वरून चालत नाही. तुमच्या वजनाचंच लागतं. विचारा त्यांना."

पंडितजींना शब्द कळले नसतील, पण मुद्दा बरोबर कळला. "बराबर का ही चढ़ता है बाबूजी. ज़्यादा देना हो तो अगले साल तगड़े होकर आइए," ते म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले. बाबा त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले. "अगले साल," त्यांनी पुटपुटल्यासारखं म्हटलं. पुढच्या वर्षाचा शब्द आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

संक्रांतीला तत्तापानीत येईल त्याला खिचडी वाढतात. मोठमोठ्या हंड्यांतून उडदाच्या डाळीची, वर तुपाची धार. आम्ही पंगतीत बसलो. डोक्याला फडकं बांधलेल्या एका पहाडी आजीबाईंनी बाबांच्या पत्रावळीवर भलामोठा डाव टाकला. मी आपल्या पत्रावळीकडे बघायचं नाटक करत होते. काकू तर चक्क पाठ करून शेजारणीशी बोलत बसल्या. बाबांनी एक घास घेतला. बराच वेळ चघळला. दुसरा घेतला. मग माझ्याकडे वळून कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मीठ कमी आहे."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आई असताना हा माणूस रोज काही ना काही खोड काढायचा, वरणात हिंग नाही, पोळीला पदर सुटला नाही. चार महिन्यांत त्यांनी एका शब्दानं तक्रार केली नव्हती. ज्याला चवच नको त्याची तक्रार काय असणार? काकू अजून पाठमोऱ्याच होत्या, पण त्यांनी मागच्या मागं हात लांब करून मिठाची वाटी बाबांकडे सरकवली. बाबांनी मीठ घातलं आणि पत्रावळ संपवली. आजीबाई परत आल्या तेव्हा "थोडं" अशी खूणही केली.

परत आल्यावर सगळं सुरळीत झालं असं नाही. तसं कुठं होतं का? मध्येच दोनतीन दिवस ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायचे. पण काकूंनी पिच्छा सोडला नाही. "गरिबाचं पोतं भरायचंय!" असं खालून ओरडायच्या, की बाबा कुरकुरत जिना उतरायचे. त्यांना मटार सोलायला बसवायच्या, मग दोघांचे वाद. तिखट कोल्हापूरचं जहाल की वऱ्हाडचं, या एका विषयावर त्या दोघांनी दोन हिवाळे काढले. "तुमच्या रश्श्यात नुसता लाल रंग असते," बाबा म्हणायचे. "चाखून बोला की, बघून काय बोलताय!" काकू वाटी पुढं करायच्या. पुढच्या संक्रांतीला बाबा आपणहून त्या पारड्यात बसले, आणि पोत्यात धान्य किती उरलं ते मान लांब करकरून बघत होते. ग्रह, शनी, यातलं त्यांना अजूनही काही पटत नाही. पण तेव्हापासून तत्तापानीची एकही संक्रांत त्यांनी चुकवलेली नाही. पार्कात सकाळी चालायला येणारे सरदारजी आता त्यांना जंगलच्या गोष्टी विचारतात. माझ्याशी भांडतात, बातम्यांना शिव्या देतात. मला माझे वडील पूर्वीसारखे, खोडकाढूपणासकट परत मिळाले. मुलीला याहून मोठं काय देता येतं, मला ठाऊक नाही.

आणि मग गेल्या पावसाळ्यात काकूंच्याच पोटात दुखायला लागलं. निदान झालं तेव्हा फार पुढं गेलं होतं. समीर गुरुग्रामहून येऊन राहिला. हळूहळू त्यांचंही जेवण सुटलं, पण त्यांचं सुटणं खरोखरीच्या दुखण्याचं होतं, त्याला कुणाचा इलाज नव्हता. बाबा रोज सकाळी वर मऊ भात शिजवायचे, गाळण्यातून गाळायचे आणि वाटी घेऊन खाली जायचे. यवतमाळच्या घरात आयुष्यात कधी चहाचं भांडं उचलून न ठेवलेला माणूस! काकू दोन चमचे घ्यायच्या, कधी तेही नाही. बाबांनी एकदाही आग्रह केला नाही. उरलेलं झाकून ठेवायचे आणि उशाशी बसून पांढरकवड्याच्या वाघिणीची गोष्ट पुढं सांगायचे.

एकदा मी तिथं होते. काकू क्षीण आवाजात म्हणाल्या, "फॉरेस्टसाहेब, यंदा मला बसवू नका त्या तराजूत. अब्रू जाईल."

"नाही बसवत," बाबा म्हणाले. "मी बसतो दोघांचं."

काकू हसल्या. डोळे मिटून बराच वेळ हसत राहिल्या... त्यांचं हसणं मी ऐकलं ते तेवढंच शेवटचं.

त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा बाबा अजून उशाशीच होते. रडत नव्हते. माणसं जमली, दुपारी सगळं आटोपलं. स्मशानातून परतल्यावर समीर आईच्या स्वयंपाकघरात जेवणाच्या टेबलापाशी जाऊन बसला आणि बसूनच राहिला. मी त्याच्याजवळ बसले. थोड्या वेळानं पाहिलं तर बाबा कुठं दिसेनात. सकाळपासून त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. भिंतीकडे तोंड केलेली ती पाठ डोळ्यांसमोर आली आणि मी उठले, तेवढ्यात जिन्यावरून लसणीच्या फोडणीचा वास खाली आला. आपल्याकडे घरात माणूस गेलं की त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भात करून आणतात. चंदीगडात ते आठवणारं दुसरं कोण होतं? बाबा दोन्ही हातांत फडक्यानं पातेली धरून हळूहळू जिना उतरून आले. पिठल्यात गुठळ्या झाल्या होत्या. त्यांनी काकूंच्या मांडणीवरून ताटं काढली, समीरला वाढलं.

"अंकल, मन नहीं है," समीर म्हणाला. मराठी त्याला सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"मले माहीत आहे," बाबा म्हणाले. "दोन घास खा. मी पण खातो तुझ्यासोबत."

ते त्याच्या शेजारी बसले, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि पहिला घास घेतला. समीर थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानंही भात कालवला. दोघं खाली मान घालून जेवत होते, डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं, आणि दोघांपैकी कुणीही हात थांबवला नाही. मी दाराला टेकून उभी होते. बाबांनी मान वर केली, बाजूची खुर्ची ओढली आणि एक रिकामं ताट त्यापुढं ठेवलं.

"तू काऊन उभी? बस. प्रमिलाताईच्या घरात कोणी उपाशी नाही राहत."